नदीपलीकडची बाई

रविवारी सकाळी प्रल्हाद आणि मीनाक्षी सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला मुलाच्या घरी पोचले, तेव्हा त्यांचे व्याही आतून दाराशी झटत होते. हँडल खाली जायचं, वर यायचं, परत खाली जायचं. दाराच्या अरुंद काचेतून एलादियोंचं पांढरं डोकं दिसत होतं. मीनाक्षी बाहेरूनच म्हणाली, "आम्हीच आहोत. थांबा जरा." मग हृषीकेशनं सासऱ्यांना खांद्याला धरून बाजूला केलं, दोन कुलपं उघडली, आईबाबांना आत घेतलं आणि दोन्ही कुलपं पुन्हा लावून टाकली.

"सकाळी सहापासून चाललंय," तो म्हणाला. त्याची दाढी वाढली होती आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मीनाक्षीनं ते पाहिलं.

एलादियो तिच्याकडे वळले, तिचा हात धरला आणि तोच शब्द पुन्हा म्हणाले, "चाव." मग दाराकडे बोट. "चाव, चाव."

"देते हं," ती म्हणाली, आणि त्यांना हळूहळू त्यांच्या खोलीकडे घेऊन गेली.

या घरातल्या खालच्या खोलीत मूळचे स्पेनचे एलादियो चौदा महिने राहत होते. त्यांची मुलगी, म्हणजे हृषीकेशची बायको इनेस, हिची आई वारल्यानंतर त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी गॅस चालू राहायला लागला, मग रस्ते चुकायला लागले. मुलगी एकच, इनेस. तिचा मोठा भाऊ राफाएल दोन तासांवर न्यूकॅसलला, त्याचा टाइल्सचा धंदा. तेव्हा वडील आपल्याकडे राहतील हे तिनं ठरवलं आणि हृषीकेशनं मान्य केलं. पण इनेस हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि हृषीकेशला आठवड्यातून तीन दिवस पॅरामॅटाच्या ऑफिसात जावं लागतं. म्हणून मीनाक्षी सोमवार ते शुक्रवार टूनगॅबीहून ट्रेनने यायची, दिवसभर व्याह्यांजवळ बसायची आणि नात उर्वी शाळेतून आली की तिला खायला देऊन संध्याकाळी परत जायची. एलादियो तीनदा घरातून निघून गेले होते. शेवटच्या वेळी पोलिसांना ते स्टेशनच्या पलीकडे, नव्या घरांसाठी उकरलेल्या मातीत सापडले, पायात एकच सपात. त्यानंतर दाराला दुसरं कुलूप आलं आणि चाव्या फ्रिजच्या वर गेल्या.

आज राफाएल येणार होता. एका केअर होममध्ये गुरुवारपासून खोली मिळत होती. तिथला तो विभाग कायम बंद असतो, नंबर दाबल्याशिवाय दार उघडत नाही. ही गोष्ट इनेसला शनिवारी रात्रीपर्यंत माहीत नव्हती. प्रल्हादनं राफाएलला परस्पर फोन केला होता, राफाएलनं हृषीकेशला विचारलं होतं, हृषीकेशनं हो म्हटलं होतं. मीनाक्षीलाही प्रल्हादनं सांगितलं होतं, आणि तिनं विरोध केला नव्हता. तिचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरत, आणि हृषीकेश चाळिशीतच म्हातारा दिसायला लागला होता. आई म्हणून तिला आधी तो दिसायचा. इनेसपासून हे लपवलं याचं मात्र तिला वाईट वाटत होतं.

राफाएल बाराला आला. त्यानं वडिलांना मिठी मारली, ते त्याच्या खांद्यावरून दाराकडेच बघत राहिले. उर्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, ते बरंच झालं. टेबलावर मीनाक्षीनं आणलेला मसालेभात होता आणि इनेसनं केलेलं बटाट्याचं जाड ऑम्लेट. इनेस कुणाकडेही न बघता सगळ्यांना वाढत होती. राफाएलनं फाइल काढली तेव्हा ती म्हणाली, "जेवण होऊ दे." त्यानं फाइल खुर्चीखाली ठेवली.

पण बोलणं निघालंच. प्रल्हादनं इंग्रजीतून, अगदी सावकाश, सांगितलं की हा निर्णय वडिलांना टाकण्याचा नाही. राफाएल म्हणाला की मी पैसे देईन, दर शनिवारी येईन. इनेसनं विचारलं, आत्तापर्यंत किती शनिवारी आलास? हृषीकेश म्हणाला, "इनेस, मी थकलोय गं." हे वाक्य तो मराठीत म्हणाला, आणि तिला ते कळलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, एवढं मराठी तिला येत होतं. तिनं चमचा खाली ठेवला.

"आणि बोलणंही जातंय त्यांचं," राफाएल म्हणाला. "डॉक्टर म्हणाले ना, जीभ जड झालीय. स्पॅनिश नीट येत नाही, इंग्रजी तर गेलंच. त्यांना काय हवंय तेच आपल्याला कळत नाही."

मीनाक्षीला वाटलं, निदान इथे तरी आपण खरं काय ते सांगावं. ती आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली की असं काही नाही, त्यांना काय हवं ते बरंच कळतं. "ते माझ्याशी मराठी बोलतात. माझं ऐकून ऐकून शिकलेत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आत्ता चावी मागत होते. अंघोळीच्या वेळी साबण म्हणतात. गेल्या आठवड्यात पाव मागितला, मी दिला, त्यांनी खाल्ला. आणि संध्याकाळ झाली की माय, माय म्हणत बसतात."

राफाएलला हसू आलं. इनेसलाही, नकळत. फक्त हृषीकेश हसला नाही. तो आईला म्हणाला, "आई, माय आपला शब्द आहे. पण चावी, साबण, पाव हे आपले नव्हेत गं. पोर्तुगीजांकडून आलेत ते."

मग त्यानं तेच इंग्रजीत सांगितलं. आणि इनेसला विचारलं, स्पॅनिशमध्ये चावीला काय म्हणतात? यावे. साबणाला? हाबोन. पावाला? पान. म्हणजे, तो म्हणाला, ते स्पॅनिश मोडकं बोलत नाहीयेत, दुसरंच काहीतरी नीट बोलतायत.

"शक्य नाही," राफाएल म्हणाला. "माझे वडील?"

राफाएलला जे आठवत होतं, ते त्यानं सांगितलं नाही, पण इनेसलाही तेच आठवत असणार. लहानपणी सगळे गाडीनं निघाले की वडील पीटरशॅम टाळून वळसा घालत, कारण तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोर्तुगीज दुकानं. राफाएल पंधरा वर्षांचा असताना फुटबॉलच्या टीममधल्या एका पोर्तुगीज मित्राच्या आईनं डबाभर कस्टर्ड टार्ट दिली होती. वडिलांनी डबा उघडला, वास घेतला आणि सगळं डब्यासकट कचऱ्यात टाकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. स्पॅनिश क्लबात पोर्तुगीजांवरचे विनोद व्हायचे, सगळी माणसं हसायची, कारण शेजारच्या देशाबद्दल त्यांना विनोदांपलीकडे काही ठाऊकच नव्हतं. वडील मात्र उठून सिगारेट ओढायला बाहेर जायचे. राफाएलनं ते विनोद पाठ केले होते आणि आयुष्यभर सांगितले होते.

इनेस म्हणाली, "रोसीओला फोन करू."

रोसीओ ही एलादियोंच्या थोरल्या बहिणीची नात. स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या सीमेवरच्या बादाहोस शहरात एका शाळेत शिकवते. काय शिकवते, ते इनेसला दोन वर्षांपूर्वी तिची आजी, म्हणजे इनेसची आत्या फेलिसा, वारली तेव्हा कळलं होतं आणि तिनं त्यावर फारसा विचार केला नव्हता. रोसीओ पोर्तुगीज शिकवायची.

दुपारचे तीन वाजले होते, तिकडे रविवारचे सकाळचे सात. रोसीओ विस्कटलेल्या केसांनी पडद्यावर आली. इनेसनं थोडक्यात सांगितलं. रोसीओ एवढंच म्हणाली, "मला त्यांच्यासमोर ठेव."

एलादियो पलंगाच्या कडेला बसले होते. इनेसनं फोन त्यांच्या गुडघ्यावर धरला. रोसीओ हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. त्यांनी मान वर केली. ती पुन्हा बोलली. आणि मग ते बोलायला लागले. पूर्ण वाक्यं, एकामागून एक, मध्येच हात हलवून, एकदा चक्क भुवया उंचावून. इनेस शेजारी गुडघ्यांवर बसली होती. गेल्या वर्षभरात वडील तिच्याशी जेवढं बोलले होते, त्याहून जास्त ते या तीन मिनिटांत परक्यासारख्या नातीशी बोलले. त्यातलं तिला इकडचा एक, तिकडचा एक, असे चार शब्द कळले. आवाज त्यांचा होता, पण तो एवढा मऊ तिनं कधी ऐकला नव्हता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं की आपण दाराबाहेर उभ्या आहोत आणि आत आपलं माणूस कुणाशी तरी बोलतंय.

रोसीओ रडत होती. "ते विचारतायत चावी कुठाय," ती म्हणाली. "म्हणतात, माय, म्हणजे आई, बाहेर उभी आहे. थंडी आहे. दार उघडायचंय."

"कुणाची आई?" राफाएलनं विचारलं. "आजी एउलालिया?"

"एउलालिया सावत्र होती," रोसीओ म्हणाली. "तुम्हाला दोघांना खरंच कुणी काही सांगितलं नाही?"

मग तिनं सांगितलं. एलादियोंना मीनाक्षीजवळ ठेवून बाकीचे बाहेरच्या खोलीत बसले, फोन फळांच्या टोपलीला टेकवला, आणि इनेस स्पॅनिशमधलं इंग्रजीत करत गेली, कारण प्रल्हाद आणि हृषीकेशलाही ते कळायला हवं होतं.

स्पेनमधल्या यादवी युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत सीमेच्या नदीपलीकडून बायका चोरून कॉफी घेऊन स्पेनमध्ये यायच्या, घागऱ्याखाली बांधलेल्या पिशव्यांतून. त्यांतली एक तेलाच्या घाण्यावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात राहिली. लग्न झालं नाही. मुलं दोन झाली, फेलिसा आणि एलादियो. मुलं घरात आईची भाषा बोलायची आणि बाहेर बापाची. एलादियो सहा वर्षांचे असताना बापानं घाण्याच्या मालकाच्या विधवा बहिणीशी रीतसर लग्न केलं. ती एउलालिया. मुलांच्या आईला नदीपलीकडे परत पाठवलं. मुलं ठेवून घेतली.

"ती ऑलिव्हच्या तोडणीला यायची," रोसीओ सांगत होती. "थंडीत. दाराशी येऊन उभी राहायची, मुलांना बघायला. एउलालियानं मुलांना शिकवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगायचं, ती कोण पोर्तुगीज बाई आहे, आम्हाला माहीत नाही. एके दिवशी घरात एलादियो एकटेच होते. सात वर्षांचे. चावी त्यांच्या हातात होती. आई बाहेरून बोलत होती, उघड म्हणत होती. शेजारणी बघत होत्या. आणि ते आतून स्पॅनिशमध्ये ओरडले, मला तुझं कळत नाही. पुन्हा पुन्हा तेच. मला तुझं बोलणं कळत नाही. फेलिसाआजी गल्लीच्या टोकाला होती, तिनं सगळं ऐकलं. ती आई त्यानंतर कधी आली नाही."

प्रल्हादनं विचारलं की हे एवढी वर्षं कुणी का सांगितलं नाही. रोसीओ म्हणाली की आजीनं मलाही शेवटच्या वर्षांपर्यंत सांगितलं नव्हतं. "मी लहान होते तेव्हा आमच्याकडचे लोक नदीपलीकडे फक्त टॉवेल आणि कॉफी घ्यायला जायचे. दहा मिनिटांवर देश, पण त्याचं एक गाणं कुणाला माहीत नव्हतं. मी पोर्तुगीज शिकायचं म्हटलं तर माझे वडील म्हणाले, हे काय खूळ? आता माझ्या वर्गात तीस मुलं आहेत. त्यांचे आईबाप रविवारी तिकडे जेवायला जातात, उन्हाळ्यात त्यांच्या समुद्रावर. दुकानांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. शाळेच्या कार्यक्रमात मुलं त्यांची गाणी म्हणतात, म्हणायला मिळावं म्हणून भांडतात. एकदा मी घरी धडा वाचत होते आणि आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, तो शब्द तसा म्हणत नाहीत. तिनं माझा उच्चार सुधारला. मी शिक्षिका. ऐंशीव्या वर्षी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं."

मग ती म्हणाली, "ती विचारायची, आता लाज वाटत नाही का गं कुणाला? मी म्हणायचे, नाही आजी, आता कुणालाच नाही. मग ती रडायची. मला वाटायचं आनंदानं."

"नाव काय होतं?" हृषीकेशनं विचारलं. "त्या आईचं."

रोसीओ इनेसकडे बघत राहिली. "तुझं नाव कुणी ठेवलं?"

इनेस उठली आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली. नाव वडिलांनी ठेवलं होतं. आईला दुसरं हवं होतं, त्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, हे तिनं आईकडून हसत हसत ऐकलं होतं.

पुढचं सुचवलं तेही इनेसनंच. आपण चावी त्यांना देऊ. त्यांना दार उघडू दे. आणि आई बाहेर उभ्या राहतील. आई म्हणजे मीनाक्षी. दिवसभर त्यांच्याबरोबर असतात, वय आहे, शाल आहे. त्यांना वाटेल आली.

प्रल्हादला ते पटलं नाही. आजारी माणसासमोर नाटक करायचं हे त्याला हीनपणाचं वाटलं, आणि त्यासाठी आपल्या बायकोला थंडीत उभं करायचं हे त्याहून. तो तसं मराठीत म्हणालाही. आश्चर्य म्हणजे राफाएलनं बहिणीची बाजू घेतली. मीनाक्षीला कुणी विचारलं नव्हतं. तिनं शाल घेतली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पुढच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

ऑगस्टचं ऊन होतं, पण वारा बोचरा होता. समोरच्या घरापुढे कुणीतरी गाडी धुवत होतं. दारामागे हलके आवाज येत होते आणि तिला वाट बघावी लागत होती. तिला स्वतःची आई आठवली. आई धारवाडकडची, माहेरी सगळं कानडी. कोल्हापुरात लग्न करून आली आणि आयुष्यभर मराठी चुकवत राहिली. सातवीत असताना मीनाक्षीनं तिला सांगितलं होतं, पालकसभेला तू येऊ नकोस, बाबांना पाठव. आईनं कारण विचारलं नाही. मीनाक्षीला आजही कानडी येत नव्हतं. हे तिनं प्रल्हादलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तिनं दार वाजवलं. आत चावी कुलपात शिरल्याचा आवाज आला, बराच वेळ खडखडली, मग फिरली. मग दुसरी. दार उघडलं.

एलादियो तिच्या समोर उभे होते. त्यांच्या मागे इनेस, तिचा हात तोंडावर. मीनाक्षीनं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हात पुढे केले.

ते तिच्याकडे बघून हसले. ओळखीचं, घरातलं हसू. "मीना," ते म्हणाले. स्पॅनिशमध्ये, व्यवस्थित, तिला म्हणाले की या, आत या, बाहेर गार आहे. आणि तिला आत जायला वाट देऊन ते स्वतः उंबऱ्यावर आले, चौकटीला हात धरला आणि तिच्यामागच्या रस्त्याकडे बघायला लागले.

ते तिथून हलेनात. इनेसनं समजावलं, हृषीकेशनं हाताला धरलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी राफाएल आतून खुर्ची घेऊन आला. वडिलांना बसवलं, त्यांच्या गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं आणि स्वतः पायरीवर त्यांच्या पायांशी बसला. समोरच्या माणसानं हात केला, "ऑल गुड, मेट?" राफाएल म्हणाला, "नो वरीज."

दार तसंच उघडं राहिलं. घर गार पडलं. आत सगळे जॅकेटं घालून बसले होते आणि कुणी हीटर लावा म्हणत नव्हतं. राफाएलला पाठीमागून वडिलांचा श्वास ऐकू येत होता. रस्त्यावरून कुणी बाई चालत आली की श्वास थांबायचा आणि ती पुढे गेली की परत सुरू व्हायचा. कुत्रं घेऊन एक बाई गेली. स्ट्रोलर ढकलत एक गेली. जॉगिंग करत दोघी गेल्या. राफाएल प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर बघत होता. आपल्याला कुणाची वाट बघायची आहे हे त्याला आज कळलं होतं, आणि ती कशी दिसायची हे वडील सोडून जगात कुणाला माहीत नव्हतं. एक फोटोसुद्धा नव्हता.

साडेपाचला अंधारून आलं. एलादियो म्हणाले, "नाही आली," आणि उठले. हे त्यांनी दोन्हींपैकी कुठल्या भाषेत म्हटलं ते राफाएलला नंतर आठवेना.

जाताना त्यानं फाइल गाडीत टाकली. गुरुवारचं काय, असं प्रल्हादनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मी त्यांना खोली नको म्हणून कळवतो. आणि पुढच्या आठवड्यात कामावर माणूस ठेवून मीच इथे येतो.

तो खरंच आला. आठवडाभर राहिला. रोसीओ रोज तिच्या सकाळी फोन करायची आणि एलादियो तिच्याशी बोलायचे, दिवसेंदिवस कमी. दाराशी जायचं त्यांनी थांबवलं होतं. इनेसनं रोसीओकडून एकच वाक्य शिकून घेतलं, 'मला तुमचं कळतंय.' ती वडिलांजवळ बसून ते म्हणायची. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा उच्चार सुधारला. तिनं पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा सुधारला. खोलीच्या दारातून मीनाक्षी ते बघत होती. त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा तिनं कोल्हापूरला भावाला फोन लावला आणि काही कारण नसताना अर्धा तास बोलत राहिली.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, एलादियो छातीतल्या संसर्गानं गेले. गिळताना अन्न फुप्फुसात गेलं असावं, या वयात, या आजारात असं होतं, गारठ्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रल्हादनं मनाशी दिवस मोजले होते. त्यानं ते कधीच कुणाला बोलून दाखवलं नाही, आणि मीनाक्षीला ते माहीत होतं.

सोमवारी चौघं अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्यांच्या ऑफिसात बसली होती, इनेस, राफाएल, हृषीकेश आणि मीनाक्षी. टेबलामागचा माणूस पन्नाशीचा, शांत होता. मृत्यूच्या नोंदणीसाठी त्याला माहिती भरायची होती. जन्मतारीख, जन्मगाव, ऑस्ट्रेलियात कधी आले. एकोणीसशे बासष्ट, क्वीन्सलंडला ऊसतोडणीसाठी, राफाएलनं सांगितलं. व्यवसाय. पत्नीचं नाव. मुलं. मग वडिलांचं नाव. मग तो म्हणाला, "आईचं नाव, आणि लग्नाआधीचं आडनाव."

राफाएलनं वडिलांचे जुने कागद आणले होते. नागरिकत्वाच्या अर्जावर त्यांच्याच अक्षरात आईचं नाव होतं, एउलालिया, पुढे दोन आडनावं. माणसानं कागद पाहिला आणि टाइप करायला लागला.

"ते नको," राफाएल म्हणाला.

इनेसनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं हे स्वतः म्हणायचं ठरवलं होतं.

"ते त्यांनी खोटं लिहिलं होतं," राफाएल म्हणाला. "आमची आजी पोर्तुगीज होती. इनेस तिचं नाव."

माणूस म्हणाला हरकत नाही, आणि त्यानं आधीचं पुसलं. इनेस, त्यानं टाइप केलं. "आडनाव?"

शनिवारी रोसीओ पूल ओलांडून नदीपलीकडच्या गावाला गेली होती. चर्चमध्ये विचारलं, नोंदणी कार्यालयाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. लोक चांगले होते. त्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली, तिच्या पोर्तुगीजचं कौतुक केलं. पण त्या काळी कॉफी घेऊन नदी ओलांडणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या इनेसही पुष्कळ. कुठली इनेस, त्यांनी विचारलं. रोसीओकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आडनाव फेलिसाआजीलाही माहीत नव्हतं. तिला फक्त आई माहीत होती.

"आम्हाला ठाऊक नाही," राफाएल म्हणाला.

"मग मी 'माहीत नाही' असं टाकतो. तसं चालतं."

हृषीकेशनं इनेसच्या पाठीवर हात ठेवला. ती ताठ बसली होती. मीनाक्षीच्या मनात आलं की असा कागद आपल्याही आईचा झाला असेल, आणि त्यावर तिचं धारवाडचं आडनाव कुणी लिहिलं असेल की नाही हे आपल्याला माहीत नाही. विचारायला पाहिजे. भावाला आठवत असेल.

माणसानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एकदा नीट वाचून घ्या, तो म्हणाला, नंतर दुरुस्ती करायला बरेच महिने लागतात. राफाएलनं चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. मग इनेसनं वाचलं. ती त्या एका ओळीवर थांबली, जिथं तिचं नाव होतं आणि त्याच्यापुढे ते दोन शब्द होते.

"सगळं बरोबर आहे?" माणसानं विचारलं.

तिनं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. चूक कुठेच नव्हती. तिनं पेन घेतलं आणि सही केली.